आपल्या हंड्यातलं पाणी कुठून येतं?



आपण बाया घराबाहेर पडतो त्या लग्नाला, बाजाराला, नाहीतर दवाखान्यात. देवाला गेलो तरी घरच्यांचाच नवस फेडायला. म्हणून आमच्या गटानं ठरवलं, वर्षातून एक दिवस नुसतं बघायला जायचं. यंदा पाऊसकाळ सरल्यावर आम्ही गौताळ्याला जाऊन आलो.

छत्रपती संभाजीनगरहून सकाळीच जीप निघाली. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ मागं टाकून कन्नडला पोचलो. अंतर साधारण ६० किलोमीटर. तिथून पुढं अजिंठ्याच्या डोंगररांगेत गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. १९८६ मध्ये ते जाहीर झालं. संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे २६० चौरस किलोमीटर जंगल आहे. बिबट्या, अस्वल, नीलगाय, मोर सगळे तिथं राहतात.

गौतम ऋषींनी इथं तप केलं, असं जुनी माणसं सांगतात. जंगलाच्या आत गौताळा तलाव आहे. तिथं दशम्या आणि ठेचा खाल्ला, आणि खऱ्या गोष्टीवर बोलणं आलं.

आपल्या घराला आढं असतं ना, आणि दोन बाजूंना दोन पाखी? एका पाखीचं पाणी अंगणात पडतं, दुसरीचं परसात. हा डोंगर तसाच आहे. उत्तरेकडं पडलेला पाऊस खानदेशात उतरतो आणि गिरणेतून तापीला जातो. दक्षिणेकडचा शिवना नदीतून गोदावरीला मिळतो. पुढं पैठणला जायकवाडी धरण, त्याचा नाथसागर. तिथलंच पाणी संभाजीनगरच्या नळांना येतं.

बोडक्या टेकडीवरचा पाऊस माती घेऊन पळतो. झाडाखाली पालापाचोळा असला की तो थांबतो, जमिनीत मुरतो, मग विहिरीला झरे राहतात. झरे आटले की टँकरमागं हंडे घेऊन धावायचं आपल्यालाच.

जंगल राखा, असं म्हणणं सोपं आहे. पण सरपणाला जाणारी बाईच असते. तिला दोष देऊन चूल पेटत नाही. म्हणून आमच्या गटानं दोन गोष्टी ठरवल्या. तुराट्या आणि पऱ्हाट्या शेतात पेटवून द्यायच्या नाहीत, सरपणाला साठवायच्या. आणि गावामागच्या टेकडीवर समतल चर खोदावेत, तिथं काही वर्षं चराई बंद ठेवावी, हा ठराव महिला ग्रामसभेत मांडायचा. मुख्य ग्रामसभेच्या आधी ही सभा भरते. तिथं बोलायचा हक्क आपला आहे.

तुम्हीही जा. नाक्यावर वनखात्याच्या माणसांना विचारून आत शिरा, माकडांना खाऊ टाकू नका, नेलेल्या पिशव्या परत आणा, अंधाराच्या आत बाहेर पडा. आणि घरी आल्यावर आपल्या गावामागची टेकडी एकदा नीट बघा. तिच्यावर किती झाडं उरलीत, ते मोजा.