पहिल्या कृतीचे ऋण



एखाद्या तरुण कलावंताची किंवा कलावंतांच्या मेळ्याची पहिली कृती लोकांपुढे आली म्हणजे रसिकांत बहुधा दोन तट पडतात. एक म्हणतो, असे पूर्वी कधी झालेच नव्हते. दुसरा म्हणतो, यात नवे ते काय, ही चाल अमक्याची आणि तो थाट तमक्याचा. दोघांचेही म्हणणे ऐकून घेतले तरी त्या कृतीची गोडी नेमकी कशात आहे, हा प्रश्न जागच्या जागीच राहतो. माझे मत असे आहे की, पहिल्या कृतीवरील संस्कार ओळखता येणे हीच तिच्या रसास्वादाची पहिली पायरी होय; कारण कलावंताने कोणाकडून काय घेतले हे कळल्यावाचून, घेतलेल्या त्या द्रव्याचे त्याने पुढे काय केले हे कळत नाही, आणि त्याचे स्वत्व शोधायचे ते या करण्यातच. यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या कृष्णाकाठानेच याचे एक उत्तम उदाहरण घालून दिले आहे.

सांगली संस्थानचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या दरबारी 1842 च्या सुमारास उत्तर कानड्याकडील भागवत मंडळी आपले खेळ घेऊन आली. कथा पुराणातल्या, सोंगे भरजरी, गाणे खड्या आवाजाचे. परंतु त्या सगळ्या थाटात आरडाओरडा आणि धांगडधिंगा फार. श्रीमंतांना त्यातले सामर्थ्य दिसले आणि उणेपणही दिसले. असाच खेळ मराठीत, पण अधिक नेटका आणि सुसंस्कृत असा बसवावा, अशी आज्ञा त्यांनी आपल्या पदरच्या विष्णु अमृत भावे या तरुणास केली. भावे तेव्हा पंचविशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी पदे रचली, माणसे जमविली, तालमी घेतल्या, आणि 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ या आख्यानाचा प्रयोग झाला. तोच दिवस आज आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

आता या पहिल्या प्रयोगाची घडण पाहू. पडद्यापुढे सूत्रधार उभा राही आणि त्याच्या पाठीशी झांज-मृदंगाची साथ घेऊन पाठीराखे गवई उभे राहत. मंगलाचरण होई, विदूषक येऊन सूत्रधाराशी संवाद करी, मग विघ्नहर्त्या गणपतीचे आगमन, मग मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती, आणि त्या दोघांचा आशीर्वाद मिळाल्यावर मूळ आख्यानास प्रारंभ. यांपैकी जवळजवळ प्रत्येक वस्तूचा मालक आधीच ठाऊक होता. सबंध कथा गाऊन पुढे नेणारा गायक हा कानडी भागवतांचा. गणपती-सरस्वतीचा प्रवेश कोकणातल्या दशावतारी खेळांनाही परिचित. उत्सवाच्या अखेरीस सोंगे आणण्याची चाल लळिताची. आणि आख्यान लावून धरण्याची, मध्येच पद किंवा श्लोक म्हणून रस उभा करण्याची हातोटी कीर्तनकारांची. वाईचा कृष्णाबाईचा उत्सव असो की सज्जनगडावरची दासनवमी असो, साताऱ्याकडच्या श्रोत्यांच्या कानावर ही कीर्तनाची परंपरा पिढ्यान् पिढ्या पडत आली आहे. भाव्यांच्या कानावरही तीच पडलेली होती.

मग भाव्यांचे स्वतःचे काय? एक प्रवेश जवळून पाहू. जनकाची सभा भरली आहे, शिवधनुष्य मांडलेले आहे, आणि रावण येतो. कोण आला, कशासाठी आला, त्याच्या मनात काय आहे, हे सारे सूत्रधार पदातून सांगतो. त्या वेळी पात्र मुखाने मूक असते, केवळ अंगविक्षेपाने ते पद दाखविते. पद संपले की पात्र बोलू लागते. मात्र ते गद्य भाषण लिहून दिलेले नसते, नटाने ते प्रसंगावधानाने आयत्या वेळी करावयाचे असते. म्हणजे प्रयोगातला जो भाग कवीच्या हुकमतीखाली आहे तो गाण्याचा, आणि जो नटाच्या मर्जीवर सोपविलेला आहे तो बोलण्याचा. भागवतांच्या खेळातही पद्धत मुळात हीच. परंतु भाव्यांनी ती पदे मराठीत, एका हाताने, कथेच्या ओघाला धरून रचली, नाचापेक्षा कथेला पुढे आणले आणि नटाच्या स्वैर भाषणाला दोन पदांच्या मधली मर्यादा घालून दिली. उसने घेतलेल्या साहित्यात त्यांनी शिस्त आणली; ही शिस्त हेच त्यांचे नवेपण होय.

येथेच श्रोत्याने आणखी एका गोष्टीकडे कान द्यावा. पहिल्या कृतीत सगळीच ऋणे पचलेली नसतात. ज्या आरड्याओरड्यामुळे श्रीमंतांना मूळ खेळ रांगडा वाटला, त्याचा अवशेष भाव्यांच्या परंपरेतही राहिलाच. त्या नाटकांतील राक्षसांची ‘अलल्लऽ डुर्रऽ’ ही आरोळी पुढे इतकी प्रसिद्ध झाली की, त्या सबंध नाटकांचीच ती ओळख होऊन बसली. याला दोष म्हणून हिणवू नये. कोणती परंपरा त्या तरुणाला अजून आवरली नव्हती, हे ज्या ठिकाणी ऐकू येते, त्या ठिकाणी त्याची झटापट आपल्याला समक्ष भेटते. आणि प्रौढ, सफाईदार कृतीत नेमकी हीच झटापट झाकली जाते.

हा नियम केवळ आपल्या रंगभूमीपुरता नाही. इंग्लंडातील लिव्हरपूल शहराच्या चार तरुणांनी ‘बीटल्स’ या नावाने गाण्याचा एक संच काढला आणि त्यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका ‘प्लीज प्लीज मी’ मार्च 1963 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 14 गाणी आहेत. त्यांपैकी 10 गाणी 11 फेब्रुवारी 1963 या एकाच दिवशी लंडनमध्ये मुद्रित झाली. या चौदांतील 8 गाणी त्यांची स्वतःची आणि 6 इतरांची; त्या सहांतली बहुतेक अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक-गायिकांनी आधी गाजविलेली. त्यांनी आपले ऋण लपविले नाही, आपल्या गाण्यांच्या शेजारीच मांडून ठेवले. शेवटचे गाणे ‘ट्विस्ट अँड शाउट’ हे त्या दिवसाच्या अगदी अखेरीस मुद्रित झाले; गायक जॉन लेनन याला सर्दी झालेली होती आणि दिवसभर गाऊन त्याचा गळा बसत आलेला होता. गाणे दुसऱ्यांचे, परंतु तो फाटू पाहणारा आवाज मात्र त्याचा एकट्याचा. मुळातले गाणे आणि हे गाणे पाठोपाठ ऐकावे, म्हणजे अनुकरण कोठे संपते आणि स्वत्व कोठे सुरू होते, हे व्याख्यानावाचून कळते.

अशीच रुजवात आपल्या नाट्यसंगीताचीही घालता येते. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. भाव्यांच्या वळणाची नाटके त्यांनी जवळून पाहिलेली होती. त्यांनी सूत्रधाराच्या मुखातले गाणे काढून पात्राच्या मुखात घातले. एवढ्या एका फेरफाराने शकुंतलेचे दुःख तिचे तिनेच गावे अशी सोय झाली आणि मराठी नाटकाला नवा कंठ फुटला. त्यांच्या पदांच्या चालीही कीर्तनातून, लावणीतून, कानडी गाण्यांतून आलेल्या होत्या. त्यांच्याच मंडळीत वाढलेले, सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 1899 साली ‘संगीत शारदा’ लिहिले. त्यात पुराणातल्या राजकन्येच्या जागी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी एक अल्पवयीन मुलगी आली आणि तिचे गाऱ्हाणे घरगुती चालींत ऐकू येऊ लागले. पुढे सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा रागदारीची भारदस्त बंदिश नाटकात शिरली. प्रत्येकाने मागच्याचे काही ठेवले, काही टाकले. नाट्यपद ऐकताना त्याचा राग ओळखा, त्यातला ठेका कीर्तनाचा की लावणीचा हे ताडून पाहा, आणि मग गायक नट त्या चालीला कोठे वळण देतो तेथे थांबून पुन्हा ऐका. अशा ऐकण्याने आनंद उणावत नाही, तो दुणावतो.

शेवटी, सांगलीच्या त्या पहिल्या प्रयोगातून श्रोत्यांनी आपल्यासाठी घेण्याजोगा एक बोध सांगतो. श्रीमंत आप्पासाहेबांनी ‘सीतास्वयंवर’ पाहून तेवढ्यावरच कौतुक आटोपते घेतले नाही. पुढची आख्याने बसविण्यास त्यांनी आश्रय दिला. 1851 साली ते निवर्तले आणि दरबारचा आधार तुटला, तेव्हा भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि 1853 साली मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकिटे लावून प्रयोग केले. पन्नासांच्या आसपास आख्याने त्यांच्या हातून रचली गेली आणि 1885 साली त्यांची पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापून निघाली. पहिल्या प्रयोगातले उसनेपण पाहूनही त्यांना दुसरा प्रयोग करण्याची संधी मिळाली, म्हणून हे घडले. आज संस्थाने नाहीत, दरबार नाहीत. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात किंवा साताऱ्याच्या एखाद्या सभागृहात कोणी तरुण मुले-मुली आपले पहिले नाटक अथवा गिटार-तबल्यावर बांधलेला आपला पहिला गीतसंच सादर करतील, तेव्हा त्यांच्यावर कोणाची छाप आहे हे अवश्य ओळखा, पण निकाल तेथेच देऊन टाकू नका. त्यांनी काय गाळले आणि काय जोडले याची चौकशी करा, आणि त्यांच्या दुसऱ्या प्रयोगालाही आवर्जून जा. आप्पासाहेबांनी पाळलेला हा शिरस्ता पुढे चालविण्याची जबाबदारी आता श्रोत्यांची, म्हणजे आपली आहे.