विलगीकरण आणि आपले ज्ञातिकर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, याबद्दल मी ऋणी आहे. मी साधा निवृत्त शिक्षक. विद्वत्तेचा आव आणणार नाही. घरात जे घडले व त्यातून जे उमगले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

परदेशगमन आणि आपले नाशिक यांचा संबंध जुना आहे. 1888 साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या जातीची सभा भरली. त्यांस बहिष्कृत ठरविण्यात आले आणि जो त्यांना साहाय्य करील किंवा धक्क्यावर निरोप देण्यास जाईल, त्यास सव्वा रुपया दंड पुकारण्यात आला. 1891 साली ते बॅरिस्टर होऊन परतले. तेव्हा वडील बंधूंनी त्यांना नाशिकास आणून गोदामाईत स्नान घडविले व पुढे राजकोटास जातिभोजन घातले.

याच गांधींना पाच वर्षांनी निराळाच बहिष्कार भोगावा लागला. 1896 साली ते पत्नी व मुलांसह आफ्रिकेतील आपल्या कामावर परत निघाले. मुंबईत प्लेग सुरू होता. 18 डिसेंबरला आगबोट दरबानला पोहोचली. पण उतारूंना किनाऱ्यावर पाऊल ठेवण्यास मिळाले 13 जानेवारी 1897 रोजी. रोगाचे भय खोटे नव्हते. परंतु तेथील गोऱ्यांना हिंदी माणसेच नको होती, म्हणून मुदत वाढत गेली. विलगीकरण हे मुळात औषध आहे, परंतु द्वेषाच्या हाती पडले की त्याचेच शस्त्र होते.

आता माझा अपराध सांगतो. मार्च 2020 मध्ये परदेशातून परतलेल्यांच्या डाव्या हातावर शासन शिक्का मारीत असे. आमच्या आळीतील एक ज्ञातिबंधु तरुण असा शिक्का घेऊन घरी आला व नियमाप्रमाणे खोलीत बसून राहिला. त्याचे काहीही चुकले नव्हते. तरीही मी दूधवाल्यास बजावले, “त्या घरी जाशील तर आमच्याकडे येऊ नकोस.” त्या घरी तान्हे मूल होते. चाळीस वर्षे मुलांना भूतदयेचे धडे देणाऱ्या माणसाच्या तोंडचे हे शब्द! सव्वा रुपया दंड पुकारणाऱ्या पंचांहून मी कोणत्या अर्थाने निराळा होतो?

त्याची फेड पुढच्याच वर्षी झाली. माझा ज्येष्ठ चिरंजीव लंडनला एका रुग्णालयात नोकरीस आहे. मातोश्रींचे दुखणे बळावले म्हणून तो मार्च 2021 मध्ये आला होता. रजा संपली, तिलाही थोडा उतार वाटला, आणि मे महिन्यात तो परत निघाला. तत्पूर्वी 23 एप्रिलपासून ब्रिटनने हिंदुस्थानास लाल यादीत घातले होते. तेथे राहण्याचा हक्क असलेल्यांनाच प्रवेश, आणि उतरताच पूर्ण दहा दिवस सरकारने नेमलेल्या हॉटेलात सक्तीचा मुक्काम. खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा. एका माणसास 1,750 पौंड, म्हणजे त्या वेळचे सुमारे एक लाख ऐंशी हजार रुपये. दुसऱ्या व आठव्या दिवशी तपासणी, दाराबाहेर जेवणाचे पुडके, आणि पाय मोकळे करावयाचे तर सोबत पहारेकरी.

तो त्या खोलीत शिरला, त्याच रात्री इकडे त्याची आई गेली.

परतीची वाट नव्हती. अग्नी पुतण्याने दिला. चिरंजीवाने खोलीतच सुतक पाळले. जमिनीवर निजला, एकभुक्त राहिला. कोणास शिवावयाचे नाही, हा नियम त्याच्यावर दोन्हीकडून लागू होता. दहाव्या दिवशी गोदातीरी मोजक्या चार माणसांत पिंडदान झाले, ते त्याने दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिले. कावळा शिवेना, तेव्हा तो तिकडून म्हणाला, “आई, मी वेळेवर जेवतो आहे.” कावळा शिवला. यात शास्त्र किती, हे मी सांगू शकत नाही.

आणि तो जेवत होता, हे खरेच होते. लंडनमधील एका मराठी कुटुंबास ही वार्ता कळली. ओळख ना देख, जातही त्यांनी विचारली नाही. पण वरणभाताचा डबा ते रोज त्या हॉटेलच्या दारी पोहोचवीत. ज्या दूरच्या दारी माझ्या मुलास अन्न मिळाले, तिथल्या माणसांपुढे माझ्या दाराजवळचे ते दूध मला आठवले.

पुढे मी त्या तरुणाच्या घरी गेलो व हात जोडले. त्याच्या आईने चहा पुढे केला आणि म्हणाली, “गुरुजी, झाले गेले गंगेला मिळाले.”

बंधुभगिनींनो, साथ पुन्हा येणार नाही, असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. वेगळे राहणे भाग पडेल, तेव्हा नियम कसोशीने पाळावेत. पण वेगळे राहणाऱ्यास वाळीत पडल्यासारखे वाटू देऊ नये. म्हणून माझी मंडळास तीन नम्र सूचना आहेत. परदेशी असलेल्या आपल्या मुलामुलींची नोंदवही ठेवावी. अशा प्रसंगी खर्चाने पिचलेल्यास बिनव्याजी उसनवार देता यावी, यासाठी एक लहान निधी उभारावा. त्यात माझ्या निवृत्तिवेतनातून पहिले पाच हजार रुपये मी आज देत आहे. आणि कोणाचेही घर बंद झाले, मग ते आपल्या ज्ञातीचे असो वा नसो, तेथे रोजचे दूध पोहोचते की नाही, हे शेजाऱ्याने पाहावे.

शेवटची सूचना मी स्वतःसाठीही केली आहे.