वेट, वेट आणि वेट
(रेडिओवरील भाषण)



तीन इंग्रजी शब्द म्हणतो, ऐका. वेट, वेट आणि वेट. एकाचा अर्थ थांबणं, दुसऱ्याचा वजन, तिसऱ्याचा ओलं. मी आत्ता म्हटले तसेच आपण मराठी माणसं हे तिन्ही शब्द म्हणतो आणि देवनागरीत लिहितोही तसेच.

मराठी माध्यमाच्या शाळेत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. एकदा सातवीच्या वर्गात ‘माझ्यासाठी थांब’ हे वाक्य इंग्रजीत लिहायला दिलं. एका मुलानं थांबण्याच्या जागी वजनाचा वेट लिहिला, एका मुलीनं ओल्याचा. मी दोघांच्या वहीत लाल गोल केला आणि बरोबर शब्द दहा-दहा वेळा लिहून आणायला सांगितला. दोघांनी आणला. महिन्याभरानं वह्या तपासायला घेतल्या, तर त्याच दोन चुका पुन्हा समोर. मग मी त्या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मला एक वाटलेल्या त्या चुका वेगळ्या होत्या. मुलाची चूक डोळ्याची होती, मुलीची कानाची. दोन दुखण्यांना मी एकच औषध देत होतो.

आधी डोळ्याची चूक पाहू. थांबण्याचा वेट आणि वजनाचा वेट यांचा उच्चार इंग्रजांच्या तोंडीही एकच आहे. लंडनच्या शाळेतलं मूलही इथे चुकतं, कारण कान त्याला काहीच सांगू शकत नाही. मग स्पेलिंगं दोन का? वजनाच्या वेटमधली जी आणि एच ही मुकी अक्षरं एके काळी बोलत होती. घशातून घासत येणारा, ‘ख’च्या जवळचा तो आवाज होता. रात्रीचा नाइट आणि घोड्यावरच्या सरदाराचा नाइट यांच्यातही तो होता, आणि सरदाराच्या नाइटच्या आरंभीचा ‘क’सुद्धा स्पष्ट ऐकू यायचा. विल्यम कॅक्स्टननं 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. पुढे छपाईबरोबर स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली, पण लोकांची जीभ बदलतच राहिली. आवाज गेले, अक्षरं उरली. मुलं ज्यांना मुकी अक्षरं म्हणून वैतागतात, त्या खरं तर जुन्या उच्चारांच्या खुणा आहेत.

काही जोड्यांची कथा याच्या उलट आहे. फूल या अर्थाचा फ्लॉवर आणि पीठ या अर्थाचा फ्लॉवर हे मुळात एकच शब्द. गहू दळून चाळल्यावर जो सर्वांत बारीक, उत्तम भाग मिळतो, त्याला गव्हाचं फूल म्हणत. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या 1755च्या कोशातही पिठासाठी वेगळं स्पेलिंग नाही. वाटण्या नंतर झाल्या.

आणि स्टेशनरी? स्थिर या अर्थाचा शब्द ए-आर-वायने संपतो, वह्या-पेन्सिलींचा ई-आर-वायने. मध्ययुगीन युरोपात पुष्कळसे विक्रेते गावोगाव फिरून माल विकत. विद्यापीठांच्या आसपास मात्र ग्रंथविक्रेत्यांची एका जागी ठरलेली दुकानं असत. जागेवर बसून विकणारा, म्हणून तो स्टेशनर. लंडनमध्ये या व्यावसायिकांचा संघ 1403 मध्ये स्थापन झाला आणि 1557 मध्ये त्याला राजाज्ञेची सनद मिळाली. म्हणजे शाळेसमोरच्या दुकानाच्या पाटीवरच्या शब्दात ‘स्थिर’ हा अर्थ आजही आहे. बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. एवढं सांगितलं की ती ‘ई’ कुठून आली हे मुलाला कळतं आणि घोकावं लागत नाही.

आता कानाची चूक. ही आपली स्वतःची आहे, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. लिहायचं पेन आणि वेदना या अर्थाचा पेन. परीक्षेची टेस्ट आणि जिभेवरची टेस्ट. पत्र म्हणजे लेटर आणि ‘नंतर’ म्हणजेही लेटर. कर्ज ते डेट, तारीख तीही डेट. इंग्रजांच्या कानाला या जोड्या स्वच्छ वेगळ्या आहेत. त्या एक केल्या आपण, कारण मराठीत ‘ए’ एकच. शेजारच्या कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांना दोन वेगळी अक्षरं आहेत. आपल्याकडे मात्रा एक, आणि दोन्ही आवाज तिच्यातच बसवायचे.

2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. मूल जेव्हा मात्रा गिरवत असतं, तेव्हाच त्याला इंग्रजी शब्द भेटतात, आणि पुष्कळदा त्यांच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहिलेला असतो. जसं लिहिलं तसं वाचायचं, हा देवनागरीचा धडा त्यानं नुकताच मनापासून शिकलेला असतो. त्या मुलीनंही तेच केलं होतं. ‘वेट’ ऐकलं आणि त्या आवाजाचं जे स्पेलिंग माहीत होतं ते लिहिलं. तिच्या बाजूनं ते प्रामाणिक होतं. चुकीचा आवाज आम्ही तिला दिला होता.

म्हणून शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. लाल शाई उचलण्याआधी पाहा, चूक कुठली आहे. डोळ्याची असेल तर शब्दाची गोष्ट सांगा आणि शब्द अर्थाला बांधून द्या. ऐकणं या अर्थाच्या हिअरमध्ये कान म्हणजे इअर दडलेला आहे, तो मुलाला शोधू द्या. चूक कानाची असेल तर वही बाजूला ठेवा आणि जोडी मोठ्यानं म्हणा. पेन म्हणताना ‘ए’वर रेंगाळू नका, वेदनेच्या शब्दात ‘ए’ला ‘इ’कडे झुकू द्या, पेइन. टेस्ट, टेइस्ट. लेटर, लेइटर. बॅट आणि बॉलसाठी आपण ॲ आणि ऑ हे स्वर लिहायला शिकलो. हा फरकही आपल्या जिभेला अवघड नाही. तो आधी ऐकवायला मात्र हवा.

त्या दोघांना मी पुन्हा काही लिहून आणायला सांगितलं नाही. मुलाला वजनाच्या वेटमधल्या मुक्या अक्षरांची गोष्ट सांगितली. मुलीला शेजारी बसवून तिच्याबरोबर तिन्ही शब्द म्हटले. तेच आता तुमच्यासाठी म्हणतो. थांबणं, वजन, ओलं, याच क्रमानं.

वेइट. वेइट. आणि वेट.