हरणाचा पंचनामा होतो, पिकाचाही झाला पाहिजे

(वसई येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वसई-विरारला येऊन हरणाच्या शिकारीवर काय बोलायचे, असे कापूस-ज्वारीच्या मुलखातून आलेल्या मंडळींना वाटेल. इथे दिसतात त्या लोकलगाड्या आणि इमारती. पण पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागूनच तुंगारेश्वरचा डोंगर आहे. 2003 साली त्याचे अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे 85 चौरस किलोमीटर. त्यात भेकर आहे, सांबर आहे, बिबट्या आहे.

आता या डोंगराची राखण कोणाकडे आहे ते बघा. जंगल वनखात्याचे. खालचे शहर 2009 पासून महानगरपालिकेचे. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला. 1 ऑक्टोबर 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरारला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आले. डोंगर ओलांडून पलीकडे उतरले की ग्रामीण पोलिसांची हद्द. कार्यालये वाढली, हद्दी वाढल्या. शिकाऱ्याला मात्र हद्द नसते. तो महामार्गाने येतो आणि महामार्गाने जातो. गुन्हा कोणाच्या हद्दीत झाला याचा घोळ मिटेपर्यंत मांस शिजून खाऊन झालेले असते.

तुमच्याकडे काय वेगळे आहे? अहिल्यानगर जिल्ह्यातले, कर्जतजवळचे रेहेकुरी अभयारण्य 1980 सालचे. काळविटांसाठी राखलेले, पण क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे अभयारण्य आहे, तेही काळविटांचेच. काळविटाला सातबारा वाचता येत नाही. तो आपल्या ज्वारीत येतो, हरभऱ्यात येतो, कोवळ्या कपाशीत येतो. म्हणजे अभयारण्य सरकारचे आणि चारा आपला.

शिकार कोण करतो? एक म्हणजे जीपमधून रात्री दिवे टाकत येणारा बंदूकवाला. त्याला भूक नसते, हौस असते किंवा गिऱ्हाईक असते. दुसरा फासे लावणारा गरीब माणूस. आणि तिसरा, हे आपल्यातच बोलू या, कुंपणाच्या तारेत रात्री वीज सोडणारा आपलाच भाऊ. त्याला हरणाचे मांस नको असते, त्याला पीक वाचवायचे असते. कायद्याच्या पुस्तकात तिघेही गुन्हेगार. पण सापडतो कोण? जीप निघून जाते. फासेवाला आणि तारवाला गावातच राहतात, म्हणून तेच सापडतात.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला 3 ते 7 वर्षे कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25 हजार रुपये दंड. झडतीचा अधिकार वनाधिकाऱ्याला आहे, तसाच फौजदार आणि त्यावरच्या पोलिसालाही आहे. तेव्हा "हे वनखात्याचे काम, आमचे नाही" असे सांगून पोलीस ठाण्यातून कोणी परत पाठवत असेल तर ते खरे नाही. त्याच कायद्यानुसार शिकार झालेले किंवा मेलेले आढळलेले हरीण ही सरकारची मालमत्ता ठरते. आम्ही एवढेच विचारतो: मेलेले हरीण सरकारी मालमत्ता, तर जिवंतपणी त्याने खाल्लेले पीक कोणाच्या खात्यावर?

हा प्रश्न आम्ही चेष्टेने विचारत नाही. शिकारीच्या गुन्ह्याचा सगळा तपास त्याच्यावरच अडला आहे. रानातल्या गुन्ह्याला साक्षीदार कोण असतो? माळ्यावर जागलीला बसलेला शेतकरी. जीप त्याला दिसते, बंदुकीचा बार त्याला ऐकू येतो. राजस्थानात 1998 च्या ऑक्टोबरमध्ये कांकाणी गावाजवळ दोन काळविटे मारली गेली. आरोपी सिनेमातले बडे लोक होते. गावातले बिष्णोई साक्षीला उभे राहिले आणि वीस वर्षे हटले नाहीत. म्हणून 5 एप्रिल 2018 रोजी जोधपूरच्या न्यायालयाने सलमान खानला 5 वर्षांची शिक्षा सुनावली. सहआरोपी सुटले, शिक्षेवर अपील झाले, ते सारे खरे. पण गावकरी गप्प बसले असते तर तो खटला उभाच राहिला नसता.

आपला शेतकरी गप्प का बसतो? कारण त्याचा अनुभव. मोटर चोरीला गेली, केबल कापून नेली, बैल सोडून नेला, तर त्याला चार चकरा माराव्या लागतात. हरणांनी पोटऱ्यात आलेली ज्वारी झोपवली, तर पंचनाम्याला कोणी फिरकत नाही. मेलेल्या हरणाला मात्र त्याच दिवशी गाडी येते. मग तो म्हणतो, माझ्या वेळी कोणी आले नाही, मी कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवू?

पण म्हणून वाट चुकायची नाही. तीन वाटा आपण बंद केल्या पाहिजेत.

पहिली, तारेत वीज सोडण्याची. ती तार हरीण आणि माणूस ओळखत नाही. एप्रिल 2017 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड भागात 'श्रीनिवास' नावाचा वाघ शेताच्या अशाच कुंपणात मेला. उद्या तिथे पाणी द्यायला निघालेला शेजारी असेल.

दुसरी, संशयावर माणूस धरण्याची. कातडे सापडले की आधी पारध्यांच्या पालावर जायचे, ही रीत 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने लावली. तो कायदा 1952 साली गेला, सवय गेली नाही. गुन्हा माणूस करतो, जमात करत नाही.

तिसरी, हातात कायदा घेण्याची. याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे 16 एप्रिल 2020 च्या रात्री काय झाले ते देशाला माहीत आहे. चोर आल्याच्या अफवा, रात्रीचे पहारे, आणि जमावाने दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर ठार मारले. पोलीस तिथे हजर होते, तरी ते वाचले नाहीत. जागल म्हणजे डोळे उघडे ठेवणे. निवाडा करणे हे जागलीचे काम नाही.

मग करायचे काय? जीप दिसली तर गाडीचा नंबर, वेळ, वाट लिहून ठेवा. अंगावर जाऊ नका. वनखात्याचा 1926 आणि पोलिसांचा 112, दोन्हीकडे कळवा, म्हणजे हद्दीचे कारण उरणार नाही. पोलीस पाटलाला सांगा. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने खबर पोहोचवणे हे त्याचे कामच आहे. आणि हरीण, रोही, रानडुक्कर यांनी पीक खाल्ले की तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जच नसेल तर नुकसान झालेच नाही असे कागद बोलतो.

सरकारकडे आपले मागणे एका ओळीचे आहे. हरणाच्या पंचनाम्याला जेवढ्या वेळात गाडी येते, तेवढ्याच वेळात पिकाच्या पंचनाम्यालाही आली पाहिजे. हरीण जगावे असे आम्हालाही वाटते. फक्त त्याला पोसण्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी मारू नका. एवढे करा, मग रानातला एकही गुन्हा साक्षीदाराअभावी सुटणार नाही, याची हमी गाव देईल.