पहारा उठविण्यापूर्वी

ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीत घरचे ब्रॉडबँड बंद पडले की, ‘फायरवॉल बंद करून पाहा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. फायरवॉल म्हणजे संगणकाच्या दारावरील पहारेकरी. पहाऱ्यामुळे एखादे रास्त कामही अडते, हे खरे. परंतु दोष बहुधा अन्यत्र असतो.

म्हणून प्रथम यंत्रावरील दिवे पाहावेत. ‘एलओएस’चा तांबडा दिवा लागला असल्यास प्रकाशतंतूतून संकेतच येत नाही; तेथे फायरवॉलचा संबंध नाही. नंतर मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करून तो घरच्या वायफायवर चालतो काय, ते पाहावे. चालत असेल तर दोष संगणकापुरता आहे. त्याची जोडणी तपासूनही अडचण राहिली, तरच संगणकाची फायरवॉल दोन मिनिटे बंद करावी, विश्वसनीय संकेतस्थळ उघडून पाहावे व लगेच ती पूर्ववत सुरू करावी. राऊटरची फायरवॉल मात्र हलवू नये. दोष फायरवॉलचाच ठरला, तर अडलेल्या कामापुरतीच परवानगी द्यावी.

ही दक्षता अनाठायी नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ने, वापरकर्त्याने काहीही न उघडता, असंरक्षित संगणकांत प्रवेश केला होता. शिक्षकाच्या संगणकात विद्यार्थ्यांचे गुण असतात, पंचायत सदस्याच्या संगणकात गावाचे कागद. ती ठेव इतरांची आहे.

अनोळखी व्यक्ती दूरध्वनीवरून फायरवॉल बंद करण्यास सांगू लागल्यास स्पष्ट नकार द्यावा. आर्थिक फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.