ट्रक कोणाचा होता?

(घुग्घुस येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण वाढलो इथेच. अब्बांनी बावीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवला. ट्रक शेवटपर्यंत शेठचाच राहिला. माझा पगार अब्बांच्या कितीतरी पट आहे, पण मी दिवसभर लिहितो तो कोड कंपनीचा आणि लॅपटॉपही कंपनीचा. करारात तसं लिहिलेलंच असतं, तक्रार नाही. पण आमच्या घरात दोन पिढ्यांत पगार वाढला आणि मालकी आली नाही, हे लक्षात यायला मला तिशी ओलांडावी लागली.

इंजिनिअरिंगला अर्थशास्त्राचा एकच पेपर होता. त्यातून डोक्यात राहिलं ते इतकंच, की कारखाना खासगी असतो नाहीतर सरकारी. घुग्घुसमध्ये दोन्ही आहेत. कोळसा 1973 च्या राष्ट्रीयीकरणापासून सरकारचा, सिमेंट आणि स्पंज आयर्न खासगी. राष्ट्रीयीकरणाने खाण कामगाराला कायम नोकरी आणि क्वार्टर मिळालं, ते मी कमी लेखत नाही. पण सकाळी तुम्ही कोणत्याही गेटवर उभे राहा, आतलं काही तुमचं नसतं आणि तुम्हाला कोणी विचारतही नाही. ज्यांचं स्वतःचं घर आहे, त्यांचं तरी काय? 26 ऑगस्ट 2022 ला अमराई वॉर्डातलं एक घर बघता बघता जमिनीत गेलं. तुमच्यापैकी काहींनी तो खड्डा पाहिलाय. घर राहणाऱ्याचं होतं. त्याच्या खालच्या जमिनीचं काय करायचं, ते मात्र फार पूर्वी दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेलं.

हाच मुद्दा इंग्लंडमध्ये हिलेअर बेलॉकने 1912 मध्ये 'द सर्व्हाइल स्टेट' या पुस्तकात मांडला. भांडवल चार शेठजींकडे असो की सरकारकडे, बाकीचे सगळे मजूरच राहतात, असं त्याचं म्हणणं. तो आणि त्याचा मित्र जी. के. चेस्टरटन यांनी जो विचार पुढे नेला, त्याला डिस्ट्रिब्युटिझम म्हणतात. मराठीत 'वितरणवाद' म्हटलं की मला रेशनचं दुकान आठवतं, म्हणून मी इंग्रजीच शब्द वापरतो. इथे धान्य वाटायचं नाही. जमीन, अवजार, दुकान, धंद्यातला हिस्सा जास्तीत जास्त घरांच्या हातात असावा, एवढंच. हे दोघे कॅथलिक विचारांचे, पोप लिओ तेरावे यांच्या 1891 च्या पत्राचा आधार घेणारे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. सूरह हश्रच्या सातव्या आयतीत वाटणीचं कारणच दिलंय, की पैसा तुमच्यातल्या धनिकांमध्येच फिरत राहू नये.

पुस्तकं राहू द्या. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा नावाचं गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. लेखा गावाजवळ, म्हणून सगळे मेंढा-लेखा म्हणतात. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. पण हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना. कायद्यात बांबू गौण वनोपज असं स्पष्ट लिहिलेलं असताना वनविभाग त्याला लाकूड धरून वाहतूक परवाना देत नव्हता. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून बांबू ग्रामसभा विकते, तोडणीची मजुरी गावातच राहते आणि उरलेलं उत्पन्न ग्रामसभेच्या खात्यात येतं. देवाजी तोफांसारखे तिथले लोक बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेतात. एकाचा विरोध असला तरी बैठक पुन्हा. आमच्या ऑफिसात असं केलं तर एकही रिलीज वेळेवर जाणार नाही, पण ऑफिसात आम्हाला काही ठरवायचंही नसतं.

2013 मध्ये या गावाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली खासगी शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे द्यायचं ठरवलं. कसायची ज्याची त्याने, पण बाहेरच्याला विकायची नाही. चेस्टरटनला हे कितपत पटलं असतं, मला शंका आहे. त्याला प्रत्येक घराची स्वतंत्र मालकी हवी होती. मला मात्र मेंढ्याचं पटतं. एकटा छोटा मालक अडचणीत आला की पहिल्यांदा जमीनच विकतो.

आता कोणी म्हणेल, सिमेंटची भट्टी घरोघरी कशी वाटणार? नाही वाटता येत. पण कारखान्यात हिस्सा असू शकतो. स्पेनच्या मोंद्रागोनमध्ये 1956 पासून कामगारच कारखान्यांचे मालक आहेत. आपल्याकडे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. ऊस पिकवणारा शेतकरी मालक झाला. ऊस तोडणारा झाला नाही. बीडहून दरवर्षी कोयता घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना आजही त्यात हिस्सा नाही. सहकार म्हटलं की मी आधी हे बघतो, की यादीत कोण नाही.

आणि ही यादी मला माझ्या घरातही सापडली. दादांच्या नावावर तीन एकर होती. ते गेल्यावर अब्बा आणि चाचांच्या नावावर झाली. मागच्या ईदला जुने कागद चाळताना दोन्ही फुफींचं हक्कसोडपत्र मिळालं. बहिणींनी 'खुशीने' हिस्सा सोडला, असं त्यात लिहिलंय. त्या खुशीची किंमत एकेक साडी आणि मिठाई होती, असं अम्मीने सांगितलं. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलाय. आपण व्याजावर तासभर बोलतो, आणि हा कागद घरोघरी पेटीत असतो. कोणाच्या घरी नसेल तर मला आनंदच आहे. हात वर करा. (तीन हात वर झाले.)

मी अब्बांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मोठी फुफी येऊन मागेल तर नाही म्हणणार नाही." मी म्हटलं, ती मागणार नाही, अब्बा. चाचा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. रविवारी मी आणि अब्बा राजुऱ्याला मोठ्या फुफीकडे जातोय. सातबारा काढून ठेवलाय.