जुन्या जीपला बूस्टर लावायचा का?

जुनी महिंद्रा जीप घ्यायची आणि मनासारखी बांधून काढायची, हे वेड पुण्यात भरपूर. रंग, टायर, लाइट यांवर तासन्‌तास गप्पा. ब्रेकचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "पॉवर ब्रेक टाकू की!"

जरा थांबा. पॉवर ब्रेक म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या मध्ये बसणारा बूस्टर, आणि तो चालतो व्हॅक्यूमवर. पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून आयता मिळतो. डिझेलला वेगळा पंप लागतो, बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागे बसणारा. नाना पेठेतून नुसता बूस्टर उचलून आणलात, तर तो शोभेचा डबा!

त्यात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून कात्रजचा जुना घाट उतरणारे महाभाग आहेतच. बंद इंजिनावर बूस्टर दोन-तीनदा साथ देतो, मग पेडल दगड होतं. साधा ब्रेक जड खरा, पण इंजिनावर अवलंबून नाही. पेडलचा लिव्हरेज साधारण ६ ला १ ठेवा, मास्टर सिलिंडर योग्य मापाचा घ्या; चारही ड्रम असलेल्या हलक्या जीपला तेवढं पुरतं, असं माझं मत. पुढे डिस्क टाकणार असाल तर मात्र बूस्टर घ्याच, डिस्कला पायाचा जोर जास्त लागतो. आणि तापलेल्या ड्रमवर बूस्टर हा इलाज नाही. तिथे खालचाच गिअर.

बूस्टर आधीच असेल तर आजच तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर पंप आणि नळी बघितल्याशिवाय सिंहगडाकडे वळू नका.